टोकियोहून आलेली पुस्तिका

जपानचा प्रवास करून परतलेल्या काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांना पाठविली. हिंगण्याच्या विधवाश्रमाचा व्याप सांभाळणाऱ्या कर्व्यांनी ती प्रथम बाजूलाच ठेवली. राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा ती पुन्हा उघडली गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली.

ते जपानी विद्यापीठ १९०१ मध्ये स्थापन करणारे जिंझो नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून आलेले. शिक्षण मात्र जपानी भाषेत. कर्व्यांनी नेमके हेच उचलले. १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी मातृभाषेतून उच्च शिक्षण सुरू झाले. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, ही टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. सरकारी मान्यताही नव्हती. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केल्यावर संस्थेला स्थैर्य आले.

१९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे जगप्रवासाला निघाले. परतीच्या वाटेवर टोकियोही पाहिले. नारुसे मात्र १९१९ मध्येच निवर्तले होते. विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाली १९५१ मध्ये. कर्वे तेव्हा ९३ वर्षांचे होते.