देवाकडून ज्ञान मिळालं म्हणणाऱ्या विष्णुबुवांनी १८५७ मध्ये मिशनऱ्यांना समुद्रकिनारी गाठलं होतं

साल १८५७, महिना जानेवारी. मुंबईच्या समुद्रकिनारी गुरुवारच्या संध्याकाळी गर्दी जमायला लागली. एका बाजूला ख्रिस्ती मिशनरी, दुसऱ्या बाजूला एकतीस वर्षांचा एक ब्रह्मचारी आणि भोवती मुंबईकर.

वाद कशावर? तर देवाने माणसाला काही सांगितलं असेल, तर ते नक्की कुठल्या ग्रंथात आहे आणि ते देवाचंच आहे हे ओळखायचं कसं, यावर.

त्या ब्रह्मचाऱ्याचं नाव विष्णुबुवा ब्रह्मचारी. त्यांच्यापाशी ना इंग्रजी शिक्षण होतं, ना एखाद्या मठाची गादी. आपल्याला ज्ञान थेट ईश्वराकडून मिळालं आहे, असं ते सांगायचे.

कस्टमची नोकरी सोडली आणि डोंगर गाठला

विष्णुबुवांचं मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. जन्म १८२५ चा, माणगाव तालुक्यातल्या शिरवली गावचा. तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. नवी मुंबईचा पनवेलकडचा भाग येतो, तोच हा जिल्हा.

लहानपणीच वडील गेले. वेदपठणाचे थोडे संस्कार झाले, पण पोटापाण्यासाठी कमी वयातच कामाला लागावं लागलं. आधी दुकानात नोकरी केली आणि मग परीक्षा देऊन ते सरकारच्या कस्टम खात्यात चिकटले. ठाण्याच्या आसपासच्या नाक्यांवर त्यांनी काही वर्षं काढली.

नोकरी चालू होती, पण मन भलतीकडेच होतं. साधू, बैरागी, शास्त्री जो भेटेल त्याला ते प्रश्न विचारायचे. कुणाच्याच उत्तराने समाधान होईना. शेवटी तेविशीच्या सुमारास नोकरीवर पाणी सोडून ते नाशिकजवळच्या सप्तशृंगीच्या डोंगरात गेले.

तिथे त्यांनी तप केलं. तिथेच आपल्याला साक्षात्कार झाला आणि वेदोक्त धर्म लोकांना सांगण्याची आज्ञा झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर ते गावोगाव फिरून व्याख्यानं देऊ लागले आणि १८५६ मध्ये मुंबईत येऊन पोहोचले.

मुंबईत वातावरण आधीच तापलं होतं

धर्मावरचा वाद मुंबईला नवा नव्हता. १८३० च्या दशकात जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याचा मोरभट्ट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पुस्तकंही निघाली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला हिंदू धर्मात परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सगळी मुंबई ढवळून निघाली. १८५४ मध्ये बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले.

म्हणजे हा वाद घराघरात शिरला होता. शिकलेला मुलगा उद्या घर सोडून जाईल का, ही भीती खरी होती. अशा वेळी मिशनऱ्यांना त्यांच्याच पद्धतीने, भर सभेत उत्तर देणारा माणूस लोकांना मिळाला.

१५ जानेवारी ते २८ मे १८५७ असे साडेचार महिने हे वाद चालले. समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते, आणि तेच नारायण शेषाद्रीसुद्धा. शेवटची सभा झाली, तेव्हा मेरठच्या उठावाला १८ दिवस झाले होते.

वादाचा खरा मुद्दा काय होता?

ख्रिस्ती धर्मात ईश्वरी प्रकटीकरण ही इतिहासातली घटना मानली जाते. देवाने ठरावीक काळी, ठरावीक लोकांमार्फत स्वतःला प्रकट केलं आणि त्याची नोंद बायबलमध्ये आहे. येशूचे चमत्कार आणि खऱ्या ठरलेल्या भविष्यवाण्या हा त्याचा पुरावा, असं मिशनरी मांडायचे.

वेदांची गोष्ट वेगळी आहे. मीमांसक वेदांना अपौरुषेय मानतात, म्हणजे त्यांना कुणी कर्ताच नाही, देवसुद्धा नाही. नैयायिक मात्र वेद ईश्वराने रचले असं मानतात. याशिवाय महाराष्ट्रात तिसरी वाट होतीच, ती संतांच्या स्वानुभवाची.

विष्णुबुवा वेदांना प्रमाण मानत होते, पण त्यांचा स्वतःचा अधिकार उभा होता साक्षात्कारावर. अडचण इथेच होती. आपला अनुभव दुसऱ्याला दाखवता येत नाही. माझा साक्षात्कार खरा म्हणायचा, तर समोरच्याचा खोटा कशावरून? हा प्रश्न मिशनऱ्यांना जितका लागू होता, तितकाच बुवांनाही होता. म्हणून दोन्ही बाजूंना शेवटी तर्काचा आधार घ्यावा लागला. ऐकणाऱ्यांनाही तेवढाच तपासता येत होता.

बोवेन यांनी या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला. बुवांच्या बाजूचं मराठी पुस्तक 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने १८७२ मध्ये आलं. कोण जिंकलं, हे तुम्ही कुठलं पुस्तक वाचता त्यावर ठरतं.

साक्षात्कारातून निघालेलं राज्य

१८५९ मध्ये विष्णुबुवांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' हा ग्रंथ आला. दयानंद सरस्वतींनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला तो १८७५ मध्ये, म्हणजे त्यानंतर १६ वर्षांनी. जात जन्मावरून ठरू नये, गुण आणि कर्मावरून ठरावी, असं बुवांचं मत होतं. त्यामुळे वेदांचा कैवार घेऊनही सनातनी मंडळींना ते पूर्णपणे आपले वाटले नाहीत.

पण खरा धक्का पुढेच होता. १८६७ मध्ये त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सगळी प्रजा एक कुटुंब, जमीन सगळ्यांची, धान्य एका कोठारात, ज्याला जे जमेल ते काम त्याने करायचं आणि मुलांचा सांभाळ राज्याने करायचा, अशी ही कल्पना होती. कार्ल मार्क्सच्या 'भांडवल'चा पहिला खंड निघाला तोही याच वर्षी. पण बुवांची वाट वेगळी होती. सगळ्यांच्यात एकच आत्मा आहे हे वेदांताचं सूत्र त्यांनी थेट धान्याच्या कोठारापर्यंत नेलं. १८६९ मध्ये या निबंधाचा इंग्रजी अनुवादही झाला.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईत विष्णुबुवांचं निधन झालं. वय होतं अवघं ४५.

उत्तर एकच नव्हतं

याच महाराष्ट्रात त्याच काळात या प्रश्नाला दुसरी उत्तरंही दिली जात होती. १८४९ च्या सुमारास सुरू झालेल्या परमहंस मंडळीने, ईश्वरी ज्ञानाची अचूक नोंद आपल्याकडेच आहे असा दावा करणारा कुठलाही धर्म मानायचा नाही, असं ठरवलं होतं. १८६७ च्या प्रार्थना समाजानेही कुठलाच ग्रंथ ईश्वरप्रणीत मानला नाही. आणि जोतीराव फुल्यांनी आपल्या शेवटच्या, १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मिक मानला, पण धर्मग्रंथांची मक्तेदारी नाकारली.

गंमत म्हणजे साक्षात्कारावर बोट ठेवणारे विष्णुबुवा आणि ग्रंथप्रामाण्य नाकारणारे फुले, दोघेही जन्मावरून माणसाची किंमत ठरवायला तयार नव्हते. देवाचं म्हणून सांगितलेलं ज्ञान खरं की खोटं, हे किनाऱ्यावर ठरलं नाही. पण ते चारचौघांत, भर सभेत तपासता येतं, याची सवय मुंबईला त्या साडेचार महिन्यांत लागली.