रॉबर्ट हॉली: १४० किलो यीस्ट आणि एक ग्रॅम आरएनए

तुम्ही सकाळी खाल्लेल्या डाळीतील प्रथिने पोटात गेल्यावर सुटी होतात आणि त्यांची अमिनो आम्ले बनतात. पेशी हीच अमिनो आम्ले पुन्हा ओवून तुमचे स्वतःचे प्रथिन तयार करते. पण कोणत्या जागी कोणते अमिनो आम्ल बसवायचे, हे पेशीला कसे कळते? हे काम वाहक आरएनए म्हणजे टी-आरएनए नावाचा छोटा रेणू करतो. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल असते, तर मधल्या भागात संदेश वाचणारी तीन अक्षरे असतात. या रेणूची पूर्ण रचना सर्वप्रथम उलगडली ती रॉबर्ट हॉली यांनी.

शिक्षकांचा मुलगा

हॉली यांचा जन्म २८ जानेवारी १९२२ रोजी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते. १९४२ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पेनिसिलिन रासायनिक पद्धतीने बनवण्याच्या कामात सहभागी होते. १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रथिने कशी बनतात या प्रश्नाकडे ते वळले ते १९५५-५६ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात वर्षभर काम करत असताना.

तीन वर्षे फक्त गाळण्यात

त्यांनी यीस्टमधील टी-आरएनए निवडला. हे यीस्ट म्हणजे बेकरीत पाव फुगवायला वापरतात तेच. पण एकाच पेशीत अनेक प्रकारचे टी-आरएनए असतात आणि ते एकमेकांसारखेच दिसतात. त्यांतून फक्त ॲलनिन हे अमिनो आम्ल वाहणारा प्रकार वेगळा काढायचा होता. सुमारे १४० किलो यीस्टमधून २०० ग्रॅम मिश्र टी-आरएनए मिळाला आणि त्यातून शुद्ध ॲलनिन टी-आरएनए मिळाला फक्त एक ग्रॅम. एवढ्याला तीन वर्षे लागली. रचना शोधायचे काम त्यानंतर सुरू झाले.

वेगळी अक्षरे कामी आली

आरएनएची भाषा चार अक्षरांची आहे: ए, यू, जी आणि सी. हॉली यांच्या गटाने दोन एन्झाइम वापरून रेणूचे तुकडे केले. त्यांपैकी एक एन्झाइम स्वादुपिंडातून मिळवलेले होते आणि दुसरे एका बुरशीतून. प्रत्येक एन्झाइम ठरावीक अक्षरांपाशीच कापते. पण चारच अक्षरे असल्यामुळे बरेच तुकडे सारखेच निघतात. मग कोणता तुकडा कुठला, हे ओळखायचे कसे?

इथे टी-आरएनएची एक खासियत उपयोगी पडली. पेशी आधी चार साध्या अक्षरांची साखळी बनवते आणि नंतर काही अक्षरांत रासायनिक फेरफार करते. यांना रूपांतरित न्यूक्लिओसाइड म्हणतात. कुठे मिथाइल गट जोडला जातो, कुठे दोन हायड्रोजन. स्यूडोयुरिडिनमध्ये तर साखरेशी असलेली जोडणीच नायट्रोजनऐवजी कार्बनमधून होते. हॉली यांच्या रेणूत असे सात प्रकार होते. एकदाच येणारे वेगळे अक्षर ज्या तुकड्यात असेल, त्याची जागा नक्की करणे सोपे जाते. गटातील एका सहकाऱ्याला असेही आढळले की शून्य अंश तापमानाला एन्झाइम रेणूचे दोनच मोठे तुकडे करते. त्यामुळे कोडे बरेच सोपे झाले.

मार्च १९६५ मध्ये ७७ अक्षरांची ही साखळी प्रसिद्ध झाली. न्यूक्लिक आम्लाची पूर्ण रचना कळण्याची ती पहिलीच वेळ होती. (पुढे एक दुरुस्ती होऊन ती ७६ अक्षरांची ठरली.) संदेश वाचणाऱ्या तीन अक्षरांत पहिले होते इनोसिन. इनोसिनची जोडी यू, सी आणि ए या तिन्हींशी जमते. त्यामुळे ॲलनिनचे तीन वेगवेगळे संकेत हा एकच रेणू वाचू शकतो.

१९६८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल हॉली, हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांना विभागून मिळाले. पुढे खुरानांच्या गटाने याच टी-आरएनएचे जनुक प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडून तयार केले.

याचा तुमच्याशी काय संबंध?

पहिला संबंध लसीचा. करोनाच्या फायझर आणि मॉडर्ना लसींतील एम-आरएनएमध्ये स्यूडोयुरिडिनचेच एक मिथाइल रूप आहे. त्यामुळे शरीर त्या आरएनएवर अकारण तुटून पडत नाही. भारतात बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या वेगळ्या प्रकारच्या लसी आहेत.

दुसरा संबंध आजाराचा. पेशीतील मायटोकॉन्ड्रियांचा स्वतःचा टी-आरएनए असतो. त्यातील एका अक्षराच्या दोषामुळे आवश्यक फेरफार होत नाही, प्रथिने नीट बनत नाहीत आणि पेशीला ऊर्जा कमी पडते. त्यातून तरुण वयात पक्षाघातासारखे झटके येऊ शकतात, किंवा मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र दिसू शकतात. हा दोष आईकडूनच मुलांत येतो. तुमच्या आई, मावशी, मामा किंवा आजीला मधुमेहासोबत कमी वयात बहिरेपणा आला असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मधुमेहात नेहमी दिले जाणारे मेटफॉर्मिन अशा रुग्णांत शक्यतो टाळतात, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते. मात्र चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

अखेरची वर्षे

१९६८ मध्ये हॉली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत गेले. निरोगी पेशी वाढायची कधी थांबते आणि कर्करोगाची पेशी का थांबत नाही, हा त्यांचा नवा विषय होता. फावल्या वेळात ते ब्राँझची शिल्पे घडवत. ११ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हा दुसरा प्रश्न त्यांच्या हयातीत पूर्ण सुटला नाही. आज एखाद्या आरएनएची रचना काही तासांत वाचता येते. त्या पहिल्या एका ग्रॅमसाठी मात्र तीन वर्षे यीस्ट गाळावे लागले होते.