जेम्स क्लार्क मॅक्सवेल

ज्या शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों, त्याचें नांव वीज व प्रकाश ह्यांच्या संबंधानें आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेलें असेल. परंतु फिरत्या यंत्राचा वेग एकसारखा कसा राखावा, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावरही त्यानें पहिल्या प्रतीचें काम केलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आमच्या आळे गांवापासून थोड्याच अंतरावर खोडद येथें रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकीं १४ खोडदच्या परिसरांत असून बाकीच्या तीन दिशांस दूरवर पसरल्या आहेत. त्या ज्या लहरी टिपतात त्यांचें भाकित मॅक्सवेलनें केलें. आणि त्यांना फिरवणाऱ्या मोटरी ज्या तत्त्वानें ताब्यांत राहतात, त्याचें गणितही त्यानेंच पद्धतशीर मांडलें.

जेम्सचा जन्म १३ जून १८३१ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. बालपण ग्लेनलेअर ह्या खेड्यांतील वतनावर गेलें. घरांतील घंटेची तार कोठून कोठें जाते, कुलूप कसें लागतें, हें विचारून तो मोठ्या माणसांस भंडावून सोडी, आणि मोघम उत्तरानें त्याचें समाधान होत नसे. आईनें त्याला पवित्र शास्त्र शिकविलें. आठव्या वर्षीं स्तोत्रसंहितेंतील १७६ ओव्यांचें ११९ वें स्तोत्र त्याला संबंध पाठ येत होतें. त्याच सुमारास, १८३९ सालीं, ती माउली पोटाच्या कर्करोगानें वारली. पुढें घरीं ठेवलेला शिक्षक त्याला मतिमंद समजून मारीत असे. शिक्षकाचाच पेशा पत्करलेल्या आम्हांस हा भाग सुखानें वाचवत नाहीं. शाळेंत गेल्यावर त्याचे घरीं बेतलेले विचित्र कपडे व जोडे पाहून मुलांनीं त्याला वेडा ठरविलें. त्याच वेड्याचा भूमितीवरील निबंध तो चौदा वर्षांचा असतां एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला.

१८५४ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत त्याचा दुसरा क्रमांक आला. पहिला आला एडवर्ड राउथ. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १८५६ मध्यें तो ॲबर्डीन येथें प्राध्यापक झाला, १८५८ मध्यें कॅथरीन ड्यूअर हिच्याशीं विवाहबद्ध झाला, आणि १८६० सालीं दोन कॉलेजें एक होतांच त्याची जागा गेली. मग तो लंडनच्या किंग्ज कॉलेजांत आला.

तेथें विजेच्या विरोधाचें प्रमाण ठरविण्याचें काम निघालें. तारेची गुंडाळी एकसारख्या वेगानें फिरवणें त्यांत अवश्य होतें. वेग डळमळला कीं मापच खोटें. त्याकरितां फ्लीमिंग जेन्किन ह्या सहकाऱ्यानें केलेला वेगनियंत्रक वापरीत. असे नियंत्रक नवे नव्हते. जेम्स वॉटनें १७८८ मध्येंच वाफेच्या इंजिनास फिरते गोळे बसविले होते. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकतात व वाफेची वाट आवळतात. आपल्याकडील विहिरींवरच्या जुन्या तेलाच्या इंजिनांतही हीच युक्ति असे. तरीपण कांहीं नियंत्रक शांतपणें काम करीत आणि कांहींच्या योगें इंजिन एकदां धांवे, एकदां मंदावे, व हे हेलकावे वाढतच जात. असें कां होतें, ह्याचा विचार मॅक्सवेलनें १८६८ सालच्या आपल्या निबंधांत केला.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हीच गोष्ट मेजावर करून पाहिली. खेळण्यांतील एका मोटरीचा दांडा रबरी नळीनें तशाच दुसऱ्या मोटरीस जोडला. दुसरी मोटर डायनॅमो बनते व वेगाच्या प्रमाणांत व्होल्ट देते. ते व्होल्ट आणि आपण ठरविलेले व्होल्ट ह्यांतील फरक ऑपरेशनल ॲम्प्लिफायर वाढवितो, आणि ट्रांझिस्टरच्या द्वारें पहिल्या मोटरीस तितकी वीज मिळते. दांड्यास बोट लावलें कीं वेग पडतो, फरक वाढतो, व मोटर आपण होऊन जोर करते. परंतु वेग पुरता पूर्ववत् होत नाहीं. थोडी उणीव राहतेच, कारण फरकच उरला नाहीं तर वाढीव वीज येणार कोठून? अशा साधनास मॅक्सवेल मॉडरेटर म्हणे. फरक सांठवीत जाणारा कपॅसिटर ॲम्प्लिफायरला योग्य जागीं जोडला कीं उणीव नाहींशी होते. तो खरा गव्हर्नर. मुलांनीं मग उत्साहानें वर्धन फार वाढविलें, तेव्हां मोटर हिसके देऊं लागली. डायनॅमोचे व्होल्ट सपाट करण्यासाठीं घातलेल्या दुसऱ्या कपॅसिटरमुळें वेगाची वार्ता उशिरां पोहोंचते, आणि उशिरां आलेल्या वार्तेवर जोराची दुरुस्ती केली कीं ती उलटते.

हे हेलकावे कोणत्या अटींवर विरतील, हें मॅक्सवेलनें सोप्या यंत्रांपुरतें दाखविलें. अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांसाठीं सर्वसामान्य कसोटी त्याला सांपडली नाहीं. ती १८७७ सालीं शोधली राउथनें, म्हणजे त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्यानें.

विजेवरील त्याचा महाग्रंथ १८७३ सालचा. त्यापूर्वीं, १८७१ मध्यें, केंब्रिजनें त्याला कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभारण्यास बोलाविलें होतें. एवढी कीर्ति होऊनही ग्लेनलेअरला असतांना तो घरच्या नोकरचाकरांसह रोज प्रार्थना चालवी, खेड्यांतील आजाऱ्यांपाशीं जाऊन बसे, व कॉर्सॉकच्या मंडळींत वडील म्हणून सेवा करी. पत्नी दुखणाईत झाली तेव्हां त्यानें स्वतः तिची शुश्रूषा केली. १८७९ च्या शरदांत त्याला कळलें कीं, आईस ज्या रोगानें नेलें तोच आपणांस जडला असून अवघा महिनाभर उरला आहे. त्याला चिंता वाटली ती पत्नीची. ५ नोव्हेंबर १८७९ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, केंब्रिज येथें त्यानें देह ठेवला. त्याच्या लहरी हर्ट्झनें प्रयोगानें सिद्ध केल्या, त्याला आणखी आठ-नऊ वर्षें लागलीं. मॅक्सवेलची कबर पार्टनच्या लहानशा देवळाच्या आवारांत आईबापांशेजारीं आहे. १८८६ मध्यें कॅथरीनलाही तेथेंच ठेविलें.