तुसिताला : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

प्रस्तावना

'ट्रेझर आयलंड' ही इंग्रजीतील सागरी साहसाची कादंबरी जगातील अनेक भाषांत पोहोचली आहे. ती लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी मात्र आयुष्याचा मोठा काळ रोगशय्येवर घालवला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते एका खासगी नौकेतून पॅसिफिक महासागरातील दूरच्या बेटांकडे निघाले. हवापालटासाठी केलेल्या या प्रवासाने त्यांना आयुष्याची आणखी काही वर्षे दिली. त्याचबरोबर पाहुण्याने यजमानाच्या भूमीशी कसे वागावे, हा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा केला. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे.

दीपगृहे बांधणारे घराणे

स्टीव्हन्सन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात झाला. त्यांचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे होते. आजोबा रॉबर्ट यांनी भर समुद्रातील बेल रॉक नावाच्या खडकावर दीपगृह उभारून मोठा लौकिक मिळवला होता. वडील थॉमस यांनीही तोच व्यवसाय पुढे चालवला. लुई हा त्यांचा एकुलता एक मुलगा. साहजिकच त्यानेही हीच परंपरा चालवावी, अशी वडिलांची इच्छा होती.

परंतु लुईची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. स्कॉटलंडच्या थंड आणि दमट हवेत त्याला वारंवार खोकला व ताप येई. झोप न येणाऱ्या त्या लांबलचक रात्री ॲलिसन कनिंगहॅम ही दाई त्याच्या उशाशी बसे आणि त्याला गोष्टी वाचून दाखवी. पुढे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला बालकवितांचा संग्रह स्टीव्हन्सन यांनी कृतज्ञतेने या दाईलाच अर्पण केला.

१८६७ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी विद्यापीठात प्रवेश घेतला. वडिलांबरोबर दीपगृहांच्या पाहणीसाठी जाताना त्यांना समुद्र आवडे, वारा आवडे. पण बांधकामाच्या गणितात त्यांचे मन रमत नसे. १८७१ मध्ये आपल्याला लेखक व्हायचे आहे, असे त्यांनी वडिलांना धीर करून सांगितले. वडिलांना वाईट वाटले. निदान हाताशी एखादा व्यवसाय असावा म्हणून मुलाने कायद्याचा अभ्यास करावा, अशी तडजोड झाली. १८७५ मध्ये स्टीव्हन्सन वकील झाले. पण वकिलीत त्यांचे लक्ष नव्हते. त्यांची लेखणी कधीच दुसऱ्या वाटेने निघाली होती.

लेखन आणि आजार

१८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्यांची फॅनी ऑसबोर्न या अमेरिकन स्त्रीशी ओळख झाली. फॅनी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. १८७९ मध्ये त्यांना भेटण्यासाठी स्टीव्हन्सन तुटपुंज्या पैशांत अटलांटिक महासागर ओलांडून कॅलिफोर्नियाला गेले. त्या खडतर प्रवासाने ते मरणाच्या दारापर्यंत पोहोचले. फॅनी यांच्या शुश्रूषेने ते वाचले आणि १८८० मध्ये दोघांचा विवाह झाला.

१८८१ च्या उन्हाळ्यात, सावत्र मुलगा लॉइड याच्या करमणुकीच्या निमित्ताने एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला. त्या नकाशातूनच 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्माला आली. १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणसाच्या मनातील सत् आणि असत् प्रवृत्तींचे द्वंद्व रंगवणारी डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा १८८६ मध्ये आली. कीर्ती वाढत होती; शरीर मात्र खचत होते. फुप्फुसांतून रक्त पडे. अशा वेळी बोलण्याचीही मनाई असे आणि कित्येक दिवस अंथरुणावरच जात.

मे १८८७ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर स्टीव्हन्सन कुटुंबासह अमेरिकेला गेले. एक हिवाळा बर्फाळ डोंगराळ प्रदेशात काढूनही म्हणावा तसा गुण आला नाही. तेव्हा उबदार सागरी हवेचा उपाय करून पाहावा, असे ठरले.

'कॅस्को'चा प्रवास

फॅनी यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे 'कॅस्को' नावाची शिडांची नौका शोधून काढली. सुमारे ९५ फूट लांबीची आणि दोन डोलकाठ्यांची ही नौका एका धनिक डॉक्टरांनी स्वतःच्या सहलींसाठी बांधून घेतली होती. तिच्या दिवाणखान्यात आरसे आणि मखमली बैठका होत्या. वडिलांकडून वारशाने आलेल्या पैशांतील मोठा भाग स्टीव्हन्सन यांनी या प्रवासासाठी खर्ची घातला. प्रवासाविषयी पत्रे लिहून देण्याच्या बोलीवर एका प्रकाशकानेही साहाय्य देऊ केले.

२८ जून १८८८ रोजी 'कॅस्को'ने सॅन फ्रान्सिस्को सोडले. नौकेवर फॅनी, लॉइड, एक नोकराणी आणि साठीच्या घरात पोहोचलेल्या स्टीव्हन्सन यांच्या आई होत्या. हा कृश प्रवासी वाटेतच दगावेल, असे कप्तान ओटिस यांना वाटत होते. समुद्रातच अंत्यसंस्कार करण्याची तयारी त्यांनी ठेवली होती, असे सांगतात. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. उष्ण कटिबंधातील खाऱ्या वाऱ्यात स्टीव्हन्सन यांना हुशारी वाटू लागली. ते डेकवर बसू-फिरू लागले.

अनाहोचा किनारा

महिनाभर चोहीकडे पाण्याखेरीज काहीच दिसले नाही. २८ जुलै १८८८ च्या पहाटे मार्केसास द्वीपसमूहातील नुकू हिवा या बेटाचे डोंगर दिसू लागले आणि 'कॅस्को'ने अनाहोच्या उपसागरात नांगर टाकला. तिन्ही बाजूंनी उभे कडे, पायथ्याशी नारळीची बने, प्रवाळाने शोभिवंत झालेले उथळ पाणी आणि मोजकीच घरे असा तो एकान्त किनारा होता.

उलांडी लावलेल्या होड्यांतून बेटावरील लोक नौकेवर आले. त्यांनी विणलेल्या टोपल्या आणि इतर वस्तू विक्रीसाठी आणल्या होत्या. पाहुण्यांनी काहीच खरेदी केले नाही, तेव्हा एवढी थोर नौका आणि तीत पैसा नाही, अशी त्यांनी थट्टा केली. स्टीव्हन्सन क्षणभर धास्तावले. या लोकांची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांच्याविषयी ऐकल्या होत्या त्या केवळ नरभक्षणाच्या भयकथा.

थोड्याच दिवसांत हा दुरावा संपला. बेटावरील स्त्री-पुरुष नौकेवरील आरशांत कौतुकाने आपले रूप न्याहाळत, मखमलीवर हात फिरवत. स्टीव्हन्सन किनाऱ्यावर उतरून त्यांच्या घरी जात. माणसाला बोलते करण्याची एक युक्ती त्यांना सापडली होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जुन्या टोळ्या, त्यांचे सरदार आणि त्यांच्या भुताखेतांच्या कथा ते आधी सांगत. मग समोरचा माणूसही आपल्या बेटाच्या कथा सांगू लागे. परक्या सत्तेखाली आपल्या चालीरीती गमावण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. मार्केसास बेटांवर त्या वेळी फ्रेंचांचे राज्य होते.

या रम्य किनाऱ्यामागे एक भयाण वास्तव दडलेले होते. बाहेरून आलेल्या रोगांनी बेटेच्या बेटे ओस पडत होती. एका टोळीची हकीकत स्टीव्हन्सन यांनी ऐकून नोंदवून ठेवली आहे. सुमारे चारशे लोकांच्या त्या टोळीत देवीच्या साथीने चौथा हिस्सा माणसे दगावली. पाठोपाठ क्षयरोग आला आणि वर्षभराच्या आत अवघी दोन माणसे उरली. ज्या हवेत फुप्फुसाचा एक रोगी बरा होत होता, त्याच हवेत तेथील भूमिपुत्र फुप्फुसाच्या रोगाने मरत होते. ही विसंगती त्यांच्या संवेदनशील मनाला जाणवल्यावाचून राहिली नाही. त्यांच्या प्रवासलेखनात म्हणूनच निसर्गवर्णनापेक्षा माणसांना अधिक स्थान मिळाले.

ताहितीचा पाहुणचार

पुढे ताहिती बेटावर स्टीव्हन्सन पुन्हा आजारी पडले. तौतिरा नावाच्या गावी मोए या राजकन्येने नारळाचे दूध व लिंबाचा रस घातलेले कच्चे मासे स्वतः तयार करून त्यांना खाऊ घातले. ओरी नावाच्या प्रमुखाने आपले घर त्यांना राहण्यासाठी दिले. ओरी आणि स्टीव्हन्सन यांनी तेथील रिवाजाप्रमाणे एकमेकांची नावे घेतली आणि ते भाऊ झाले.

याच सुमारास 'कॅस्को'च्या डोलकाठ्या आतून कुजल्याचे लक्षात आले. बाहेरून डौलदार दिसणाऱ्या त्या नौकेने वादळात कधी दगा दिला असता, हे सांगता येत नव्हते. दुरुस्तीला वेळ लागला. पाहुण्यांजवळचे पैसे आणि शिधा संपत आला. परंतु ओरी यांनी त्यांना आपल्याच कुटुंबातील मानून पोसले. एवढेच नव्हे, तर खवळलेल्या समुद्रातून होडी नेऊन त्यांनी बंदरातून सामानही आणून दिले. श्रीमंती नौकेतून आलेल्या माणसांना अशा रीतीने एका खेड्याने सांभाळले. नाताळच्या दिवशी 'कॅस्को'ने ताहिती सोडले. जानेवारी १८८९ मध्ये ती हवाई बेटांवरील होनोलुलू येथे पोहोचली आणि तेथून माघारी पाठवण्यात आली.

मे १८८९ मध्ये स्टीव्हन्सन मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि रोग्यांना सक्तीने समाजापासून दूर ठेवले जाई. त्यांची सेवा करता करता स्वतः कुष्ठरोगी झालेले फादर डेमियन आदल्याच महिन्यात मरण पावले होते. स्टीव्हन्सन सुमारे आठवडाभर तेथे राहिले आणि रोगग्रस्त मुलींबरोबर हातमोजे न घालता खेळले. पुढे एका धर्मोपदेशकाने डेमियन यांची निंदा केली, तेव्हा त्यांनी १८९० मध्ये एक जाहीर पत्र लिहून तिला कठोर उत्तर दिले.

सामोआचे तुसिताला

डिसेंबर १८८९ मध्ये स्टीव्हन्सन सामोआ येथे आले. थंड प्रदेशात परतणे जिवावर बेतेल, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. त्यांनी आपिया बंदराजवळ वाइलिमा येथे सुमारे तीनशे एकर जमीन घेऊन घर बांधले. ते सामोआची भाषा शिकले. त्यांची एक कथा १८९१ मध्ये त्या भाषेत प्रसिद्ध झाली. सामोआचे लोक त्यांना तुसिताला, म्हणजे गोष्टी सांगणारा, या नावाने ओळखू लागले.

जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तीन सत्तांची सामोआवर नजर होती. त्यांच्या कारस्थानांमुळे तेथील प्रमुखांमध्ये युद्धे पेटत. स्टीव्हन्सन यांनी १८९२ मध्ये पुस्तक लिहून या अन्यायाला वाचा फोडली. १८९३ च्या युद्धानंतर मताफा या प्रमुखाला हद्दपार करण्यात आले आणि त्याचे साथीदार तुरुंगात पडले. स्टीव्हन्सन यांनी तुरुंगात जाऊन त्यांना अन्न पोहोचवले. १८९४ मध्ये सुटका होताच या प्रमुखांनी कृतज्ञतेपोटी वाइलिमाच्या घरापर्यंत स्वतःच्या हातांनी रस्ता बांधून दिला. रस्ता पूर्ण झाल्यावर केलेल्या भाषणात, आपली जमीन आपण कसली नाही तर परके येऊन ती घेतील, असा इशारा स्टीव्हन्सन यांनी त्यांना दिला.

३ डिसेंबर १८९४ रोजी त्यांनी सकाळी कादंबरीचे लेखन केले. संध्याकाळी स्वयंपाकात पत्नीला मदत करत असताना मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले आणि त्याच रात्री निधन पावले. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. ज्या फुप्फुसांची जन्मभर धास्ती वाटली, ती मृत्यूला कारण झाली नाहीत. सामोआच्या लोकांनी झाडी तोडून वाएआ डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट काढली आणि आपल्या खांद्यांवरून तुसितालांना तेथे नेले.

स्टीव्हन्सन यांचा इशारा पुढे खरा ठरला. १८९९ मध्ये जर्मनी आणि अमेरिका यांनी सामोआ आपसांत वाटून घेतले. त्यांपैकी पश्चिम सामोआला १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. वाइलिमाचे घर पुढे स्टीव्हन्सन यांचे संग्रहालय झाले. आरोग्याच्या शोधात परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या या लेखकाने तेथील माणसांचे ऋण ओळखले आणि आपल्या परीने ते फेडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या जीवनाचे मोल त्यांच्या ग्रंथांइतकेच या कृतज्ञतेतही आहे.

विचार करा

१. अनाहो येथील लोकांशी मैत्री करण्यासाठी स्टीव्हन्सन यांनी कोणता मार्ग अवलंबला?
२. 'कॅस्को'च्या डोलकाठ्यांच्या प्रसंगातून ताहितीच्या लोकांचे कोणते गुण दिसतात?
३. सामोआच्या प्रमुखांनी रस्ता का बांधून दिला?
४. आपण पर्यटनासाठी जातो, त्या गावाशी आपले नाते कसे असावे? आपले विचार आठ-दहा ओळींत लिहा.