घराची हवा मोजणारा डॉक्टर

नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड राहते, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आता आमच्या सरकारी रुग्णालयातही दिसतात. फर्निचर कशाचे केले, खिडक्या किती वेळ उघड्या असतात, असे विचारले की ते चमकतात. छाती तपासायची सोडून डॉक्टर प्लायवूडची चौकशी कशाला करतात? पण घराची हवा हा वैद्यकाचा विषय आहे, हे दीडशे वर्षांपूर्वीच एका जर्मन डॉक्टरने ठरवून टाकले होते. त्यांचे नाव माक्स फॉन पेटेनकोफर.

त्यांचा जन्म १८१८ चा, बव्हेरियातल्या एका खेड्यातला. म्युनिकमध्ये राजवाड्याचे औषधनिर्माते असलेल्या काकांनी त्यांना शिकवले. मध्येच काकांशी बिनसले, तेव्हा हा तरुण सरळ नाटकात काम करायला निघून गेला. ते फार दिवस टिकले नाही. परत येऊन १८४३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण मन रमले रसायनशास्त्रात. पित्ताम्ले ओळखण्याची त्यांची चाचणी पुढे कित्येक वर्षे वापरात होती.

कोंदट खोलीत माणसाला का गुदमरल्यासारखे होते, हा प्रश्न त्यांनी अंदाजावर सोडला नाही. खोलीतली हवा मोठ्या बाटलीत भरायची, त्यात बेरियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालून हलवायचे आणि ते किती खर्च झाले यावरून कार्बन डायऑक्साइड मोजायचा, अशी त्यांची पद्धत होती. १८५८ मध्ये त्यांनी मर्यादा सांगितली. राहत्या खोलीत कार्बन डायऑक्साइड हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम, यापेक्षा जास्त नसावा. एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः घातक नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माणसांच्या श्वासाने आणि अंगाने हवा किती बिघडली आहे, हे सांगणारी ती फक्त एक खूण. करोनाकाळात वर्गांमध्ये आणि कार्यालयांत जे छोटे मीटर लागले, त्यांतला हजाराचा आकडा तिथूनच आलेला आहे.

नव्या घरांची त्यांना विशेष काळजी वाटे. विटा आणि चुन्यात बांधकामाचे पाणी मुरलेले असते. ते वाळण्याआधी घरात राहू नये, असे ते सांगत. हे पटवायला ते एक गमतीचा प्रयोग करत. भिंतीच्या एका तुकड्याला चारही बाजूंनी मेण लावायचे, समोरासमोरच्या दोन मोकळ्या तोंडांना नळ्या बसवायच्या आणि एकीकडून फुंकर मारून पलीकडची मेणबत्ती विझवायची! भिंत ओली असली की मात्र हवा पार होत नसे. त्या काळी बर्लिनमध्ये गरीब कुटुंबे अशाच ओल्या, नव्या इमारतींत नाममात्र भाड्याने राहत. त्यांच्या चुलींच्या उबेने भिंती वाळल्या की त्यांना बाहेर काढत आणि पैसेवाले भाडेकरू आत येत.

भिंती ‘श्वास घेतात’ हे पेटेनकोफरांचे म्हणणे पुढे चुकीचे ठरले. घरातली हवा बदलते ती फटींतून आणि दारे-खिडक्यांतून. भिंतीतून जाते ती नगण्य. जंतूंच्या बाबतीतही त्यांचा हट्ट चुकला. पटकी केवळ जंतूने होत नाही, जमिनीची साथ लागते, हे सिद्ध करायला त्यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पटकीचे जंतू असलेले द्रावण स्वतः पिऊन टाकले. जुलाबावर निभावले. आम्ही विद्यार्थी असताना एवढाच किस्सा ऐकला होता आणि हसलोही होतो. म्युनिकला सांडपाण्याच्या गटारी आणि शुद्ध पाणी मिळावे म्हणून त्यांनी घेतलेले कष्ट त्या हसण्यात बुडून गेले. पत्नी आणि तीन मुले आधीच गेलेली. नैराश्याने ग्रासलेल्या या वृद्धाने १९०१ मध्ये स्वतःचे आयुष्य संपवले.

त्यांचे एक मत मात्र आजही जसेच्या तसे वापरता येते. खोलीत उकिरडा असेल तर खिडक्या उघडत बसण्याआधी उकिरडा बाहेर काढावा, असे ते मानत. आजच्या नव्या घरातला उकिरडा दिसत नाही. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांतल्या यूरिया-फॉर्माल्डिहाइड चिकटपदार्थातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. उष्मा आणि दमटपणा वाढला की अधिकच. तो डोळे आणि श्वासमार्ग चुरचुरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणारा म्हणून नोंदवलेला आहे. पेटेनकोफरांच्याच देशात, पश्चिम जर्मनीत, १९७७ मध्ये घरातल्या फॉर्माल्डिहाइडसाठी ०.१ पीपीएम ही मर्यादा सुचवली गेली.

इथे एक घोटाळा रुग्णांकडून वारंवार होतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून ते नव्या घरात ठेवतात आणि आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होतात. तो मीटर माणसांचा श्वास मोजतो, कपाटांचा नाही. कुलूप लावून ठेवलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तो बाहेरच्या हवेइतकाच, सव्वाचारशेच्या आसपास आकडा दाखवेल, आणि त्याच वेळी नव्या कपाटाचे दार उघडताच डोळ्यांतून पाणी येईल. म्हणून मी राहायला जाण्याआधी काही आठवडे कपाटे आणि खिडक्या रोज उघड्या ठेवायला सांगतो, आणि सुताराला बोर्ड आणायला पाठवण्याआधी कमी फॉर्माल्डिहाइडचा मागायला.