चित्रकार आबालाल रहिमान : अल्पचरित्र

ज्ञातीच्या थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा प्रघात सर्वत्र आहे. यंदा मात्र आम्ही मुद्दाम एका अन्यधर्मीय कलावंताचे चरित्र किल्लारी व पंचक्रोशीतील सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. त्याचे कारण अखेरीस ध्यानी येईल.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले व 1888 साली व्हाइसरॉयचे पदक मिळविले. मुंबईत कीर्ती व द्रव्य दोन्ही लाभण्यासारखी असता ते कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस राजाश्रय दिला. तथापि दरबारापेक्षा कोटितीर्थाच्या काठचा एकांतच त्यांना अधिक प्रिय होता. तेथील व रंकाळ्यावरील पाणी, झाडी आणि संधिप्रकाश हे त्यांच्या कुंचल्याचे आवडते विषय. 1922 साली महाराज निवर्तले. 1931 साली आबालालही गेले. त्यांच्या चित्रसंपत्तीपैकी थोडीच चित्रे आज उरली आहेत.

युरोपात टर्नर, फ्रीडरिश आदी चित्रकारांनी निसर्गाच्या रौद्र रूपात उदात्तता पाहिली. भय सुरक्षित अंतरावरून पाहिले म्हणजे त्यातून उदात्ताचा प्रत्यय येतो, हा विचार बर्क या ग्रंथकाराने 1757 सालीच मांडला होता. आबालालांचे रंकाळ्यावरील ‘संध्यामठ’ हे चित्र मात्र अगदी शांत आहे. पूर्वी तेथे दगडाची खाण होती व भूकंपाने पाणी उसळून रंकाळा झाला, असे लोक सांगत आले आहेत. त्याच पाण्यात हा दगडी मठ उभा आहे. पाणी चढले की तो बुडतो, ओसरले की पुन्हा दिसू लागतो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणेशविसर्जनानंतरची, आपण दुरून पाहिली नाही. दगडमातीच्या त्याच जाड भिंती, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊनपावसापासून राखले, त्या निजलेल्या माणसांवर कोसळल्या. भीषणाला सुंदर म्हणणारी कला आपणांस परकी वाटली, तर त्यात नवल नाही. आबालालांच्या मनात भूकंपाची कथा होती, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आघातानंतर जे उभे राहते त्यातही उदात्तता असते, हे त्यांचे चित्र आम्हांस सांगते.

नव्या किल्लारीत जन्मलेल्या मुलांनी जुन्या गावाचे वाडे, गल्ल्या व पार पाहिलेले नाहीत. ज्या वडीलधाऱ्यांना ते आठवतात, त्यांनी मुलांना जवळ बसवून सांगावे व मुलांनी ते कागदावर रेखाटावे, एवढीच आमची विनंती. चित्रे हरवतात, हे आबालालांच्याच चरित्रावरून कळते. म्हणून ती जपूनही ठेवावीत.