हँडल गेले, शिसे आले

अस्थिरोगाच्या पुस्तकात ‘शोफर्स फ्रॅक्चर’ हे नाव आम्ही शिकलो, आजचे विद्यार्थीही शिकतात. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते, त्याला हे नाव. पूर्वी पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की चालकाचा हात मोडे. या दुखण्यातून चालकांची सुटका करण्यात मोठा वाटा चार्ल्स केटरिंग यांचा.

त्यांचा जन्म १८७६ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षणात खंड पडला, तरी १९०४ मध्ये ते विद्युत अभियंता झाले. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली. ती लहान होती, पण क्षणभरासाठी भरपूर जोर देई. हीच कल्पना त्यांनी गाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला.

त्या काळी अमेरिकेत विजेवरच्या गाड्याही धावत होत्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल नाही, म्हणून शहरातल्या स्त्रियांना त्या आवडत. स्टार्टर आला आणि त्यांचा हा मोठा फायदा संपला. पेट्रोल गाडी लांब जाई, स्वस्तही होत गेली. विजेच्या गाडीला मागे टाकायला विजेच्याच छोट्या मोटरने मदत केली!

पुढे केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधनाचे प्रमुख झाले. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्यात इंधन अधिक दाबावे लागे, पण मग ते अवेळी पेटून ठोके बसत. १९२१ मध्ये त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना उपाय सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळणे. अल्कोहोलनेही ठोके थांबतात, हे त्यांना ठाऊक होते. बाजारात मात्र शिसे आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण दगावले. तरीही विक्री काही काळ थांबून पुन्हा सुरू झाली. दमदार गाड्यांच्या त्या वेगाची किंमत पुढे जगभरच्या मुलांच्या मेंदूने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

केटरिंग १९५८ मध्ये वारले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचेही नाव आहे. एकाच माणसाने हात वाचवले आणि हवेत विषही सोडले.

आज विजेची गाडी परतली आहे. ती पेट्रोलच्या स्पोर्ट्‌स कारपेक्षा किती सेकंद आधी शंभरचा वेग गाठते, यावर चर्चा रंगतात. डॉक्टर म्हणून मला ती क्रांती वाटत नाही. धुराड्यातला धूर गेला, ही खरी क्रांती. पण हिशेब इथे संपत नाही. आपल्याकडच्या अनेक ई-रिक्षांत अजून शिशाची बॅटरी असते. पेट्रोल गाडीच्या स्टार्टरलाही तीच लागते. अशी बॅटरी घराच्या मागे फोडून वितळवली तर तेच शिसे पुन्हा मुलांच्या रक्तात जाते. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. म्हणून जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत विक्रेत्याकडेच परत करा. नवी गाडी घेताना वेगाबरोबर हेही विचारा : हिची बॅटरी शेवटी जाणार कुठे?